शाळेतल्या चित्रकला शिक्षकांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्गात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "बाई, आज काय काढायचं?" तास संपवून शिक्षकांच्या खोलीत आलं की दुसरं वाक्य ठरलेलं, "तुमचं बरं आहे, ना पेपर तपासायचे ना पोर्शन संपवायचा." गेली २२ वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवते आहे. नव्यानं रुजू झालेले शिक्षक, पालक, मुख्याध्यापक यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. नव्या शिक्षकांनी सगळी वाचावीत. पालकांनी निदान काळ्या रंगाचा प्रश्न तरी वाचावा.

चित्रकलेचा तास म्हणजे शिक्षकालाही विश्रांती, हे खरं आहे का?

नाही. हिशेब मांडून बघा. ४० मिनिटांचा तास आणि वर्गात ४५ मुलं. मुलं जागेवर बसून कागद, रंग, पाणी हातात येईपर्यंत ५ मिनिटं जातात. करून दाखवायला आणखी ५. शेवटची ८ मिनिटं धुणं-पुसणं आणि ओले कागद वाळत घालण्यात. उरली २२ मिनिटं, म्हणजे १३२० सेकंद. ४५ जणांत वाटली तर एका मुलाच्या वाट्याला ३० सेकंदही येत नाहीत.

त्या अर्ध्या मिनिटात मुलाच्या कागदाकडे नीट बघायचं, त्याला काय म्हणायचं आहे ते ओळखायचं आणि त्याला पुढे नेईल असं एखादं वाक्य बोलायचं. आठवड्याला १४ तुकड्या असतील तर ६३० मुलं होतात. एवढ्यांची नावं लक्षात ठेवणं हेच एक काम आहे. माझ्या मते चित्रकला शिक्षकाच्या बहुतेक अडचणी या अर्ध्या मिनिटाशी येऊन थांबतात. वेळापत्रक असो, साहित्य असो किंवा इतर कामं असोत, मी एकच विचारते : यानं ते अर्धं मिनिट वाढतं की कमी होतं?

परीक्षा जवळ आली की आमचा तास दुसऱ्या विषयाला दिला जातो. काय करावं?

भांडून उपयोग होत नाही आणि गप्प बसूनही होत नाही. मी सुरुवातीला गप्प बसायचे. एका वर्षी मातीकाम चालू असताना ओळीनं तीन आठवडे तास गेले. मुलांनी प्राण्यांची धडं करून ठेवली होती, पाय आणि कान जोडायचे राहिले होते. परत माती हातात घेतली तेव्हा धडं खडखडीत वाळलेली. वाळलेल्या मातीला ओली माती जोडली तर ओला भाग वाळताना आकसतो आणि जोडावरच तडा जातो. सगळ्या वर्गाचं काम वाया गेलं. मुलं रडली नाहीत, पण पुढचा महिनाभर कुणी कशातही जीव ओतला नाही.

तेव्हापासून मी चालू कामाची यादी मुख्याध्यापकांकडे लेखी देते : कोणत्या तुकडीचं कोणतं काम कोणत्या टप्प्यावर आहे आणि मध्येच थांबलं तर काय वाया जाईल. तास घ्यायचाच असेल तर कुठला चालेल हेही त्यात लिहिते. यादी समोर असली की बोलणं सोपं होतं. आणखी एक गोष्ट ठामपणे सांगावी. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतलं ३१वं कलम खेळ आणि विश्रांतीसोबत कलेत सहभागी होण्याचा मुलाचा हक्क मान्य करतं. तास वाचवायला जाताना मागणी मुलांच्या नावानं करावी, आपल्या मानापमानाच्या नावानं नको.

लहान मुलं भराभर चित्रं काढतात, आणि नऊ-दहा वर्षांची झाली की "मला चित्र येत नाही" म्हणतात. असं का होतं?

हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे, म्हणून उत्तरही लांब आहे.

मुलांच्या चित्रांचा अभ्यास शंभराहून अधिक वर्षं चालू आहे. फ्रांझ चिझेक यांनी १८९७ मध्ये व्हिएन्नात मुलांसाठी चित्रवर्ग सुरू केला आणि मोठ्यांच्या नकला करायला न लावता त्यांना त्यांच्या मनाचं काढू दिलं. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके यांनी १९२७ मध्ये दाखवून दिलं की लहान मूल जे दिसतं ते काढत नाही, जे माहीत आहे ते काढतं. म्हणून घराच्या भिंतीतून आतली खाट दिसते, टेबलाचे चारही पाय दिसतात. रोडा केलॉग यांनी जगभरातली लाखो बालचित्रं जमवली आणि अगदी सुरुवातीच्या रेघोट्यांचेही २० प्रकार वेगळे काढले. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये वयानुसार टप्पे मांडले : साधारण २ ते ४ वर्षांच्या वयात रेघोट्या, ४ ते ७ ओळखू येणारे पहिले आकार, ७ ते ९ प्रत्येक गोष्टीसाठी ठरलेलं चिन्ह, आणि नवव्या वर्षानंतर दिसतं तसं काढण्याची ओढ.

अडचण या शेवटच्या वळणावर येते. सात वर्षांचं मूल कागदाच्या वरच्या कडेला निळा पट्टा ओढतं आणि म्हणतं, हे आकाश. खाली हिरवा पट्टा, ती जमीन. मधली जागा कोरी. एका मुलीला मी म्हटलं, "आकाश खाली जमिनीपर्यंत येतं ना?" तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, आकाश वर आहे. मध्ये आपण आहोत." तिचं बरोबर होतं, तिच्या जगात आकाश वरच होतं. दोन वर्षांनी तीच मुलगी खिडकीतून बघत होती. पट्टा खोटा आहे हे तिला कळलं होतं आणि खरं आकाश हाताला जमत नव्हतं. डोळा पुढे गेला होता, हात मागे राहिला होता. या दरीलाच मुलं "मला येत नाही" म्हणतात. कला अंगात नसण्याशी त्याचा संबंध नाही. मुलाची नजर पक्की होऊ लागल्याची ही खूण आहे.

या वयात नुसतं "छान, छान" म्हणून चालत नाही. मुलाला ते खोटं आहे हे कळतं. या वयात बघायला शिकवावं लागतं, आणि ते शिकवता येतं.

मग बघायला शिकवायचं कसं?

मी बुटापासून सुरुवात करते. प्रत्येकानं आपल्या पायातला एक बूट काढून बाकावर ठेवायचा. मुलं हसतात, नाक दाबतात, दोन मिनिटं गोंधळ होतो. तो होऊ द्यावा. मग नियम सांगते : पेन्सिल कागदावर टेकवायची, डोळे बुटावर ठेवायचे. डोळा बुटाच्या कडेवरून मुंगीसारखा सरकेल तशी पेन्सिल सरकेल. कागदाकडे बघायचं नाही.

पहिलं चित्र वेडंवाकडं येतं, यायलाच हवं. पण त्यात नाडीची गाठ खरी असते. टाचेपाशी झिजलेला कोपरा खरा असतो. मनातून बूट काढताना कुणीही झिजलेला कोपरा काढत नाही. नंतर कागदाकडे बघायची मुभा देऊन दुसरं चित्र काढून घेते. दोन्हींखाली तारीख घालून ठेवते. वर्षअखेरीला तोच बूट, किंवा तोवर घेतलेला नवा, पुन्हा काढायचा.

एखादं रेखाचित्र उलटं ठेवून बघत काढणं हाही चांगला सराव आहे. अमेरिकी चित्रकला शिक्षिका बेटी एडवर्ड्स यांच्या पुस्तकामुळे १९७९ नंतर तो पुष्कळ वर्गांत पोहोचला. उलटं ठेवलं की मूल "हे नाक, हा डोळा" असं म्हणत नाही, फक्त रेषा कुठून कुठे जाते ते बघतं.

चेहरा शिकवताना आरसा आणि एक पट्टी द्या. डोळे डोक्याच्या कितव्या भागात आहेत ते मोजायला सांगा. जवळजवळ प्रत्येक मूल डोळे कपाळावर काढतं, कारण त्याच्या लेखी चेहरा म्हणजे डोळे, नाक, तोंड. मोजल्यावर डोळे टाळू आणि हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर निघतात. तेव्हा वर्गात जो "अरे!" उठतो, त्याच्यासाठी मी या नोकरीत आहे.

मूल अडलं तर त्याच्या कागदावर थोडं दुरुस्त करून दिलं तर चालेल का?

नाही. मी ही चूक केली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मुलाच्या घोड्याचे मागचे पाय मी झटक्यात नीट करून दिले. मलाही बरं वाटलं. तासाच्या शेवटी सगळे मागच्या बाजूला नाव लिहीत होते. त्यानं कागद माझ्या टेबलावर ठेवला, नाव न लिहिता. विचारलं तर म्हणाला, "हा तुमचा घोडा आहे."

तेव्हापासून माझ्या खिशात कोऱ्या चिठ्ठ्या असतात. मागचा पाय कुठे वाकतो ते चिठ्ठीवर काढून दाखवते, "बघ, तुझा गुडघा पुढे वाकतो, इथला सांधा मागे वाकतोय" म्हणते आणि चिठ्ठी खिशात परत ठेवते. मुलानं बघून घ्यावं, पण त्याला ती गिरवता येऊ नये. जास्त घाई असेल तेव्हा निदान प्रश्न तरी विचारावा : कुठला भाग तुला पटत नाहीये? मूल बोट ठेवतं, आणि बहुतेक वेळा ते बोट अचूक असतं.

लाल आणि निळा मिसळून जांभळा होतो असं शिकवतो, पण मुलांच्या थाळीत तपकिरी चिखल होतो. चूक कुठे होते?

मुलांची चूक नसते. "लाल" आणि "निळा" ही नावं फार ढोबळ आहेत. पेटीतला लाल बहुधा शेंदरी झाकेचा असतो, म्हणजे त्यात पिवळ्याची झाक असते. निळा हिरवट झाकेचा असेल तर त्यातही पिवळा आला. लाल, निळा, पिवळा तिन्ही एकत्र आले की रंग मरतो आणि चिखल होतो. जांभळा हवा असेल तर किरमिजी झाकेचा लाल घ्या, क्रिम्झन किंवा मजेंटा, आणि निळा अल्ट्रामरीन घ्या. छापखान्यातही लालऐवजी मजेंटा वापरतात ते उगाच नाही. मिश्रण फार गडद दिसत असेल तर थेंबभर पांढरा घालून बघा, जांभळा लगेच उमलतो.

मुलांना हे आधी सांगू नका. दोन लाल, दोन निळे द्या आणि चारही जोड्या करून तक्ता बनवायला सांगा. कुठली जोडी बिघडली आणि का, हे त्यांचं त्यांना शोधू द्या. तसंच हिरव्याचं. पेटीतला तयार हिरवा महिनाभर काढून घेतला की मुलं दहा प्रकारचे हिरवे करायला लागतात.

साहित्य पुरत नाही. कशावर तडजोड करावी आणि कशावर करू नये?

रंग कमी चालतात. तीन मूळ रंगांच्या दोन-दोन छटा आणि एक पांढरा, एवढ्यावर वर्ष निघतं. काळाही मी उशिरा देते.

कागदावर मात्र तडजोड नको. छपाईचा नेहमीचा ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा कागद पाण्यानं सुरकुततो, घासला की त्याचे बोळे निघतात आणि मुलाला वाटतं आपल्यालाच रंगवता येत नाही. पाण्याच्या रंगाला निदान २०० जीएसएम हवा. तो महाग पडत असेल तर त्याचा आकार निम्मा करा, जाडी कमी करू नका.

पेन्सिल २बी पुरते. निकोला-जाक काँते यांनी १७९५ मध्ये ग्रॅफाइटच्या भुकटीत माती मिसळून भाजण्याची रीत काढली, तेव्हापासून मातीच्या प्रमाणावर पेन्सिलीचा कडकपणा ठरतो. माती जास्त तर एचकडे, म्हणजे कडक; कमी तर बीकडे, म्हणजे मऊ आणि काळी. मुलांना ही माहिती फार आवडते. कडक एचबीनं दाबून काढणाऱ्या मुलाला नुसती ४बी दिली तरी त्याची रेषा मोकळी होते.

ब्रश केसांवर उभा करून पाण्यात ठेवू देऊ नका. एका दुपारीत वाकतो तो कायमचा. मी बाटल्यांऐवजी उथळ डबे वापरते, त्यात ब्रश उभा राहतच नाही.

पसारा, पाणी, गोंगाट यांना आवर कसा घालायचा?

पाण्यासाठी दोन बादल्या : पहिली मळक्या ब्रशची, दुसरी स्वच्छ पाण्याची. प्रत्येक रांगेतून दोघेजण पाणीवाले, दर आठवड्याला बदलणारे. बाकीच्यांनी नळाकडे जायचं नाही. एवढ्यावर निम्मा गोंधळ संपतो.

वाळत घालणं ही खरी डोकेदुखी आहे. ए४ आकाराचे ४५ कागद शेजारी शेजारी पसरले तर जवळजवळ ३ चौरस मीटर जागा जाते, ए३ असतील तर दुप्पट. आणि पुढची तुकडी दारात उभी असते. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधा आणि चिमटे लावा. फार ओलं काम असेल तर ते शाळेच्या शेवटच्या तासालाच घ्या.

गोंगाटाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. कामात गुंतलेल्या वर्गाची एक गुणगुण असते, ती मी थांबवत नाही. शेजारच्या वर्गाला त्रास होत असेल तर त्या शिक्षकांशी आधीच बोलून ठेवते. गुणगुणीचा सूर बदलला, म्हणजे हात थांबले आणि तोंडंच चालू राहिली, की तेव्हा मध्ये पडते. थोड्या सवयीनं पाठ फिरवलेली असतानाही हा फरक ऐकू येतो.

मातीच्या वस्तू भट्टीत का फुटतात? आणि मातीकाम, प्लास्टर यांत मुलांना धोका असतो का?

फुटण्याचं खापर बहुतेक लोक आत अडकलेल्या हवेवर फोडतात. खरं कारण पाणी आहे. बाहेरून वाळलेल्या दिसणाऱ्या वस्तूच्या पोटात ओल राहते. भट्टीत १०० अंश सेल्सिअसला तिची वाफ होते, वाफेला पाण्याच्या १६०० पटींहून अधिक जागा लागते, आणि वाट मिळाली नाही की वस्तू फुटते. शेजारच्या चार वस्तूही घेऊन जाते. म्हणून भिंत बोटभर जाडीपेक्षा जास्त नको, भरीव वस्तू आतून पोखरावी आणि सावकाश, सावलीत वाळवावी. वस्तू गालाला लावून बघा. गार लागली तर आत अजून ओल आहे. पूर्ण वाळल्यावरही सुरुवातीचा ताप हळूहळू चढवायचा असतो, पहिली भाजणी पुढे १००० अंशांच्या आसपास जाते. भट्टीजवळ मुलं नकोत.

धोका आहे, पण सांभाळता येतो. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि वर्षानुवर्षं ती छातीत जाणं वाईट. मातीकामानंतर खोली कोरडी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. ही काळजी मुलांपेक्षा शिक्षकानं स्वतःसाठी जास्त घ्यायची आहे, कारण मूल त्या खोलीत आठवड्याला एक तास असतं, आपण दिवसभर.

प्लास्टर ऑफ पॅरिसबद्दल मात्र मी कडक आहे. घट्ट होताना ते तापतं, जाड थर असेल तर ६० अंशांपर्यंतही जातं. हाताचा ठसा घ्यायचा म्हणून मुलाचा हात प्लास्टरमध्ये कधीही बुडवू देऊ नका. बाहेरून घट्ट झाल्यामुळे हात निघत नाही आणि आत भाजत राहतं. ठसा मातीत घ्यावा आणि प्लास्टर त्या मातीच्या साच्यात ओतावं.

चित्राला गुण कसे द्यायचे? आवडीनिवडीचा प्रश्न येतोच ना?

येतो, म्हणून नीटनेटकेपणाला गुण देणं मी कधीच सोडलं. रेषेबाहेर रंग न गेलेलं चित्र पुष्कळदा सर्वांत घाबरलेल्या मुलाचं असतं.

मी तीन गोष्टी मागते : पहिलं कच्चं रेखाटन, शेवटचं चित्र आणि मध्ये काय बदललं याबद्दल मुलानं लिहिलेली एक ओळ. गुण त्या प्रवासाला. "आधी झाड मधोमध होतं, मग कडेला नेलं कारण मुलगा एकटा दिसायला हवा होता," असं एका सहावीच्या मुलानं लिहिलं होतं. असं लिहिणाऱ्याच्या झाडाची पानं कशी आहेत याला काय महत्त्व? आणि तुलना शेजाऱ्याशी करायची नाही, त्याच मुलाच्या आधीच्या कामाशी करायची. बुटाची दोन चित्रं इथे कामाला येतात. पालकसभेत ती शेजारी शेजारी ठेवली की मला फारसं बोलावं लागत नाही.

घरून करून आणलेल्या कामाला मी गुण देत नाही. त्यात कुणाचा हात आहे हे कळायला मार्ग नसतो.

आमचं मूल सारखा काळाच रंग वापरतं. मनात काही वाईट असेल का?

एवढ्यावरून काही ठरवू नका. माझ्या वर्गात एक मुलगा महिनाभर काळ्यानंच काढत होता. घरच्यांना घोर लागला. शेवटी मी त्याची खडूंची पेटी बघितली : बाकी सगळ्यांचे तुकडे झाले होते, काळा तेवढा अख्खा होता. काही मुलांना काळा आवडतो तो पांढऱ्या कागदावर सर्वांत ठसठशीत दिसतो म्हणून.

फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये मुलांनी काढलेल्या माणसाच्या चित्रावरून बौद्धिक वाढ मोजायची चाचणी केली, तेव्हापासून चित्रावरून मुलाचं मन वाचण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. चित्रकला शिक्षकानं त्या वाटेला जाऊ नये, आपलं ते शिक्षण नाही. मात्र एक करावं. चित्राबद्दल मुलाला बोलतं करावं : "मला याची गोष्ट सांग." "हे काय आहे?" असं विचारू नये. मुलाच्या बोलण्यात मारहाण, भीती, एकटेपणा असं काही आलं, किंवा एरवी हसतं-खेळतं मूल अचानक चित्र काढायचंच थांबलं, तर स्वतः अर्थ लावत न बसता समुपदेशकांना किंवा वर्गशिक्षकांना त्याच दिवशी सांगावं.

एक मुलगा झाडांची पानं तपकिरी रंगवतो. मुद्दाम करतो का?

कदाचित त्याला फरकच दिसत नसेल. लाल-हिरव्यातला फरक न दिसणं मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये हे प्रमाण सुमारे १२ पुरुषांत एक आणि २०० स्त्रियांत एक असं आहे. इतरत्र ते काहीसं कमी असतं, पण मोठ्या वर्गात असा एखादा मुलगा असू शकतो. आणि ही गोष्ट घरच्यांच्याही आधी चित्रकलेच्या शिक्षकाच्या लक्षात येते.

सगळ्यांसमोर विचारू नका. पालकांना डोळ्यांची तपासणी करून घ्यायला सांगा. खडूंवर रंगाचं नाव लिहिलेल्या चिकटपट्ट्या लावून द्या, सगळ्याच पेट्यांना लावा म्हणजे तो एकटा वेगळा पडणार नाही. गडद-फिकटाची जाण अशा मुलांना चांगली असू शकते, तेव्हा कोळशाचं काम त्याच्या हातात देऊन बघा.

डावखुऱ्या मुलाचं चित्र नेहमी पुसटलेलं असतं.

त्याचा हात काढलेल्यावरून फिरतो. उजवीकडून सुरुवात करून डावीकडे जायला सांगा, हाताखाली कागदाचा तुकडा द्या आणि उजेड उजव्या बाजूनं येईल असं बसवा. डाव्या हाताची कात्री वेगळी मिळते, वर्गात दोन तरी ठेवा.

मुलं मोबाइलवरून चित्र बघून गिरवतात, आता एआयकडून करून आणतात. अडवायचं का?

गिरवणं सरसकट वाईट नाही. मोठमोठे चित्रकार जुन्या चित्रांच्या नकला करत शिकले. पण नक्कल करताना काहीतरी बदलायची अट घाला : तीच आकृती दुसऱ्या बाजूनं, किंवा उजेड उलट्या दिशेनं.

एआयबद्दल मी मुलांशी मोकळेपणी बोलते. एकदा वर्गात तयार करून आणलेलं हाताचं चित्र आणि स्वतःच्या डाव्या हाताचं समोर बघून काढलेलं चित्र, दोन्ही फळ्यावर लावली. एक मुलगी म्हणाली, "पहिल्यातला हात कुणाचाच नाहीये. माझ्या हातावर सायकलवरून पडल्याची खूण आहे." त्यानंतर त्या वर्गाला मला बंदी घालावी लागली नाही. इतर वर्गांत अजूनही तयार चित्रं येतात. मी ती परत देते आणि समोर बसून काढायला सांगते.

फलक, रंगमंच सजावट, स्वागताचे कागद, सगळं आमच्याच गळ्यात का पडतं?

कारण आपण नाही म्हणत नाही, आणि अक्षर बरं असतं. थोडंफार करावं, शाळा आपलीच असते. पण त्याची नोंद ठेवा. एका सत्रात माझे ११ तास सजावटीत गेले, म्हणजे ११ तुकड्यांच्या वाट्याचं ते अर्धं मिनिट गेलं. ही वही मी मुख्याध्यापकांना दाखवली. तेव्हापासून कार्यक्रम दोन आठवडे आधी सांगतात आणि सजावटीत मुलांचा गट असतो. मुलांनी केलेला फलक थोडा वाकडा असतो. मला तो आमच्या हातच्या फलकापेक्षा जास्त आवडतो, त्याच्यासमोर मुलं थांबतात.

स्पर्धांना मुलं पाठवावीत का?

ज्याला जावंसं वाटतं त्याला. आधीच्या वर्षाची बक्षीसपात्र चित्रं मुलांना दाखवू नका, सगळा वर्ग तीच काढायला लागतो. बक्षीस मिळालेल्यांची नावं शाळेत वाचली जातात, मग भाग घेतलेल्या सगळ्यांची वाचा.

शिकवण्यात स्वतःचं चित्र काढायचं राहून जातं. यावर काही उपाय?

पहिली सात वर्षं मी स्वतःसाठी एक रेघ ओढली नव्हती. मग हाताचं एक वळण आठवेनासं झालं आणि धसकले. स्टुडिओ, सुट्टी, मोकळा दिवस यांची वाट बघू नका. मी टेबलाच्या खणात ए५ आकाराची वही ठेवते. वर्ग बूट काढत असतो तेव्हा पहिली ५ मिनिटं मीही माझी चप्पल काढून ठेवते आणि काढते. मुलं बाईंना खाडाखोड करताना बघतात, हेही शिकवणंच आहे. नंतर वही बंद करून फिरायला लागते.

उद्या नोकरीचा पहिला दिवस आहे. सोबत काय न्यावं?

जुन्या सुती कपड्याची फडकी, जितकी मिळतील तितकी. मास्किंग टेप, कात्री, डबा लावलेलं टोकयंत्र, २बी पेन्सिलींचं एक खोकं, कारण चार-पाच जणांकडे पेन्सिल नसणारच. जुना मोठा शर्ट, अंगातल्या कपड्यांवरून घालायला. कोऱ्या चिठ्ठ्या. आणि बैठकीचा नकाशा, म्हणजे बाकांचे चौकोन काढलेला कागद : मुलं कामात असताना त्यात एकेकाचं नाव लिहा आणि नावाखाली त्यानं आज काय काढलं ते दोन शब्दांत. पुढच्या आठवड्यात आत शिरताना तो हातात ठेवा आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलाला विचारा की त्याच्या त्या दोन मजली बसचं पुढे काय झालं.